बिनतारी जाळे आणि पाच प्रश्न

[घरातील एखादे यंत्र अडले की आपण गोंधळून जातो, चार बटणे दाबतो आणि शेवटी 'बिघडले' असे म्हणून मोकळे होतो. लॅपटॉपला इंटरनेट मिळत नसेल तर दोष कसा शोधावा आणि सापडलेला दोष दुसऱ्याला नेमक्या शब्दांत कसा सांगावा, हे लेखिकेने प्रस्तुत पाठात एका प्रसंगाच्या आधारे समजावून दिले आहे.]



ठाण्याच्या टेंभी नाक्यावर एका जुन्या इमारतीत मी राहते. जून महिन्यातील संध्याकाळ होती. बाहेर पाऊस कोसळत होता. दारावरची घंटा वाजली. दार उघडले, तर माझी एक विद्यार्थिनी उभी. नुकतीच दहावी पास झालेली. ओढणी भिजलेली, पण छातीशी धरलेली कापडी पिशवी मात्र कोरडी. पिशवीत तिच्या भावाचा जुना लॅपटॉप होता.

"टीचर, नेट चालत नाही," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी अकरावीच्या प्रवेश अर्जाची मुदत संपते. माझी सगळी कागदपत्रे यातच आहेत. भाईजान म्हणतात, लॅपटॉप खराब झाला. आता काय करू?"

तिचा आवाज रडवेला झाला होता. एका अर्जावर तिचे पुढचे वर्ष अवलंबून होते. मी तिला आधी पाणी दिले आणि मग विचारले, "नेट चालत नाही म्हणजे नेमके काय होते?"

"म्हणजे... चालतच नाही."

मित्रांनो, आपणही असेच बोलतो, नाही का? पण विचार करा. तुम्ही डॉक्टरांकडे गेलात आणि फक्त 'बरे वाटत नाही' एवढेच सांगितलेत, तर डॉक्टर औषध देतील का? ते विचारतील, 'कुठे दुखते? कधीपासून? ताप आहे का?' यंत्राचेही तसेच आहे. 'चालत नाही' ही तक्रार झाली. ती माहिती नव्हे. दोष शोधायचा असेल तर आधी काय दिसते ते पाहावे लागते.

मी लॅपटॉप सुरू केला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली जिथे घड्याळ असते, तिथे वायफायची खूण असते. एका ठिपक्यावर एकावर एक कमानी काढाव्यात, तशी ती दिसते. त्या खुणेवर टिचकी मारली की आजूबाजूच्या बिनतारी जाळ्यांची यादी उघडते. तिच्या लॅपटॉपवर ती यादी उघडलीच नाही. कमानींच्या जागी छोटेसे विमान दिसत होते.

त्याच वेळी माझ्या मोबाइलवर माझ्या घरचे वायफाय उत्तम चालू होते. तिच्या घरीही तिच्या अम्मीच्या मोबाइलवर नेट येत होते. आता तुम्हीच सांगा, दोष कुठे असेल? लॅपटॉप दोन घरांत अडला आणि दोन्ही घरांत मोबाइल चालले. म्हणजे दोष घरच्या इंटरनेटमध्ये नव्हता. तो लॅपटॉपमध्येच होता. एकही बटण न दाबता, केवळ तुलना करून अर्धे काम झाले होते!

पुढे जाण्यापूर्वी वायफाय म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू.

न दिसणाऱ्या लहरी

लॅपटॉपमध्ये एक लहानसा रेडिओ बसवलेला असतो. तो ऐकतो आणि बोलतोही. घरातील राउटर नावाच्या पेटीतही असाच रेडिओ असतो. हे दोघे रेडिओ लहरींच्या साहाय्याने एकमेकांशी बोलतात. मध्ये तार नसते, म्हणून या जोडणीला आपण बिनतारी म्हणतो.

ही विद्या अगदी कालची नाही. आपल्या देशातील थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी १८९४ ते १८९६ या काळात कोलकात्यात अतिशय आखूड लहरींवर प्रयोग केले होते. भिंतीपलीकडे पाठवलेल्या लहरींनी त्यांनी घंटा वाजवून दाखवली. पुढे १९९७ साली संगणकांच्या बिनतारी जोडणीचे सर्वांसाठी समान नियम ठरले आणि १९९९ साली 'वायफाय' हे नाव रूढ झाले. २००५ साली आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरण्यास मोकळीक मिळाली. म्हणून आज घरोघरी राउटर दिसतात.

२.४ गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात २४० कोटी कंपने. या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. त्याच्या लहरी सुमारे सहा सेंटिमीटरच्या असतात. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंती ओलांडून जरा लांब जातात. दुसऱ्या पट्ट्यावर वेग जास्त मिळतो, पण जाड भिंत आडवी आली की त्या लहरी लवकर क्षीण होतात. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सारे समजेल.

आता आपण पाच प्रश्न विचारू. हे प्रश्न जवळून दूर जाणारे आहेत. आधी लॅपटॉप, मग हवेतील लहरी, मग राउटर आणि शेवटी घराबाहेरची तार. क्रम मोडायचा नाही.

पहिला प्रश्न : लॅपटॉपमधील रेडिओ चालू आहे का?

विमानाची खूण दिसली तर समजावे की 'एअरप्लेन मोड' चालू आहे. विमानप्रवासात सर्व रेडिओ बंद ठेवण्यासाठी ही सोय असते. ती चुकून चालू झाली तर यादी उघडत नाही. ती पडद्यावरील बटणाने बंद करता येते. काही लॅपटॉपवर कळफलकाच्या वरच्या ओळीतील एका कळीवर विमानाचे किंवा लहरींचे चित्र असते. ती कळ नकळत दाबली गेली तरी असेच होते.

माझ्या विद्यार्थिनीने पडद्यावरील बटण दाबले. विमान गेले आणि क्षणात परत आले. तिने पुन्हा दाबले. पुन्हा तेच.

"टीचर, हे ऐकतच नाही!"

"म्हणजे दुसरे कोणीतरी त्याला रोखून धरते आहे," मी म्हणाले. "लॅपटॉपच्या कडा नीट पाहा."

तिने लॅपटॉप उचलून चारही बाजू पाहिल्या. पुढच्या कडेला नखाएवढा एक सरकता खटका होता. जुन्या लॅपटॉपवर असा खटका असे. पिशवीत घासून तो सरकला होता. तिने तो बोटाने दुसऱ्या बाजूला ढकलला. विमान नाहीसे झाले, कमानी उमटल्या आणि यादी उघडली! ज्या लॅपटॉपला घरात 'खराब' ठरवले होते, त्याचा दोष एका नखाएवढ्या खटक्यात होता.

खटका नसेल आणि यादीही उघडत नसेल, तर काय करावे? प्रथम लॅपटॉप 'रीस्टार्ट' करावा. विंडोज असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर 'शट डाउन' केल्याने यंत्र पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. 'रीस्टार्ट' केल्याने होते. तरीही वायफायचे बटणच दिसत नसेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स' या नावाखाली पाहावे. तिथे पिवळा त्रिकोण असेल किंवा वायरलेसचे नावच नसेल, तर रेडिओ चालवणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, बिघडला आहे किंवा रेडिओच निकामी झाला आहे, असे समजावे. ड्रायव्हर नेहमी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. अनोळखी ठिकाणाहून घेऊ नये. तुम्ही म्हणाल, नेटच नाही तर तो उतरवायचा कसा? मोबाइल यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडून मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. मोबाइलचे इंटरनेट तारेतून लॅपटॉपला मिळते. मात्र हे काम मोठ्यांना विचारूनच करावे.

दुसरा प्रश्न : आपल्या जाळ्याचे नाव यादीत आहे का?

यादी उघडली. तीत वीसएक नावे होती. शेजाऱ्यांची, दुकानांची, वरच्या मजल्यावरची. टेंभी नाक्यावर घरे दाटीवाटीची, त्यामुळे हवेतही दाटी. माझ्या घरचे नाव त्यात होते. पण समजा, ते नसते तर?

अशा वेळी यादीत इतर नावे दिसतात की नाही, हे पाहावे. इतर दिसत असतील तर लॅपटॉपचा रेडिओ ठीक आहे. मग राउटर चालू आहे का, हे बघावे. चालू असेल तर लॅपटॉप त्याच्याजवळ न्यावा. जवळ नेल्यावर नाव दिसले तर अंतर आणि भिंती हेच कारण.

मोबाइलवर नाव दिसते आणि शेजारीच ठेवलेल्या लॅपटॉपवर दिसत नाही, असेही होते. याची दोन कारणे सहज आढळतात. पहिले म्हणजे राउटर ५ गिगाहर्ट्झवर बोलत असतो आणि जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येते. दुसरे कारण जरा गमतीचे आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे छोटे भाग केलेले असतात; त्यांना चॅनेल म्हणतात. आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरतात. अमेरिकेतील नियमांप्रमाणे जुळवलेले काही लॅपटॉप मात्र १ ते ११ एवढेच ऐकतात. राउटर १२ किंवा १३ वर गेला की अशा लॅपटॉपला तो सापडत नाही. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ वर ठेवला की ही अडचण दूर होते. शिवाय हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून तेच सोयीचे.

नाव दिसते पण नेट फारच मंद, असे असेल तर हवेतील गर्दी आठवावी. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनासाठी केवढी गर्दी होते, हे ठाणेकरांना सांगायला नको. त्या गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीचे बोलणेही ऐकू येत नाही. एकाच चॅनेलवर वीस राउटर बोलू लागले की लॅपटॉपची तीच गत होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास याच कंपनसंख्येवर चालतो. म्हणून राउटर त्याच्या शेजारी ठेवू नये.

तिसरा प्रश्न : परवलीचा शब्द स्वीकारला जातो का?

किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारत. तो बरोबर सांगणाऱ्यालाच आत सोडत. वायफायचा पासवर्ड म्हणजे असाच परवलीचा शब्द. यात इंग्रजीतील मोठे अक्षर आणि लहान अक्षर वेगळे धरले जाते. शून्य आणि 'ओ' हे अक्षर दिसायला सारखे, पण ते एक नव्हेत. म्हणून टाइप करताना पासवर्ड दाखवणारी डोळ्याची खूण दाबून अक्षरे तपासावीत.

कधी कधी घरातील कोणीतरी पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप मात्र जुनाच शब्द पुन्हा पुन्हा सांगत बसतो. अशा वेळी त्या जाळ्याच्या नावावर जाऊन 'फर्गेट' हा पर्याय निवडावा. 'फर्गेट' म्हणजे विसर. लॅपटॉप जुना शब्द विसरतो आणि नवा विचारतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. शेजाऱ्याचे जाळे यादीत दिसते म्हणून ते आपले होत नाही. दुसऱ्याच्या घरात शिरायला परवानगी लागते, तशीच दुसऱ्याचे वायफाय वापरायलाही लागते.

चौथा प्रश्न : लॅपटॉपला पत्ता मिळाला का?

टेंभी नाक्यावर घर शोधणाऱ्याला आपण खुणा सांगतो. 'सिनेगॉगजवळ या', 'अग्यारीजवळ या', असे म्हणतो. येथील शार हाशामायीम हे सिनेगॉग १८७९ सालचे आहे. साऱ्या नाक्याला ते ठाऊक. पण खूण कितीही प्रसिद्ध असली तरी टपाल आपल्या हाती पडायला घराचा क्रमांक लागतोच. इंटरनेटवरही तसेच आहे. लॅपटॉप राउटरला जोडला गेला की राउटर त्याला एक क्रमांक देतो. हाच त्याचा पत्ता.

वायफायच्या 'प्रॉपर्टीज' या पानावर 'आयपीव्ही४ ॲड्रेस' असे लिहिलेले असते. घरच्या राउटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. तिथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावे की राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच स्वतःला एक तात्पुरता क्रमांक देऊन टाकला आहे. अशा पत्त्यावर इंटरनेटवरचे टपाल येत नाही. वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे. तेवढ्याने भागले नाही तर राउटरची वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावी आणि दोन-तीन मिनिटे थांबावे.

पाचवा प्रश्न : राउटरच्या पुढे वाट मोकळी आहे का?

वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपपासून राउटरपर्यंत वायफाय. राउटरपासून जगापर्यंत इंटरनेट. खुणेतील कमानी पूर्ण भरलेल्या असूनही पान उघडत नाही, याचा अर्थ पहिला टप्पा ठीक आहे, अडथळा पुढे आहे. घरातील दुसऱ्या यंत्रावर पाहावे. तिथेही नेट नसेल तर राउटरचे दिवे बघावेत. काचतंतूच्या जोडणीत 'एलओएस' असे लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशसंकेत तुटला आहे. हे काम आपले नव्हे, इंटरनेट पुरवणाऱ्याचे. रिचार्जची मुदत संपली नाही ना, हेही पाहावे.

रेल्वे स्थानकासारख्या सार्वजनिक ठिकाणी आणखी एक गोष्ट असते. आपल्याकडे मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये प्रवाशांसाठी मोफत वायफाय सुरू झाले. पुढे ते अनेक स्थानकांत पोहोचले. अशा ठिकाणी जोडणी झाली तरी आधी एक पान उघडते. त्यावर मोबाइल क्रमांक आणि आलेला ओटीपी लिहिल्यावरच वाट मोकळी होते. मात्र अशा सार्वजनिक जाळ्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत आणि ओटीपी कोणी तोंडी विचारला तर सांगू नये.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या घरचे नेट बंद पडले होते. प्रश्नपत्रिका पाठवायची घाई होती. मी प्रयत्नांची शिकस्त केली, पण विचार मात्र केला नाही. राउटरच्या मागे टाचणी घालून दाबायचे एक बारीक छिद्र असते. मी ते दाबून धरले. 'रीस्टार्ट' आणि 'रिसेट' यांतील फरक मला ठाऊक नव्हता. रिसेटने राउटरमधील सर्व नोंदी पुसल्या गेल्या. बाहेरची तार तासाभरात दुरुस्त झाली, पण माझे नेट दोन दिवस बंद राहिले. कारण दुसरा दोष मीच निर्माण केला होता. तेव्हापासून मी दोन नियम पाळते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे केले ते कागदावर लिहून ठेवायचे.

अजून एक दोष!

आता पुन्हा आमच्या गोष्टीकडे येऊ. यादी उघडली, माझ्या वायफायचा पासवर्ड स्वीकारला गेला, पत्ताही मिळाला. विद्यार्थिनीचा चेहरा खुलला. तिने प्रवेश अर्जाचे पान उघडले आणि पडद्यावर इशारा आला: 'ही जोडणी सुरक्षित नाही.'

"टीचर, पुन्हा बिघडला!"

"घाबरू नकोस. पडद्यावर काय काय दिसते ते वाच," मी म्हणाले. तिने इशारा वाचला. मग तिची नजर उजव्या कोपऱ्यातील घड्याळाकडे गेली.

"टीचर, यात तारीख २०१५ ची आहे!"

हाच तो दुसरा दोष. लॅपटॉपचे घड्याळ चालू ठेवणारा लहानसा सेल जुना झाला की तारीख मागे पडते. सुरक्षित संकेतस्थळाकडे एक प्रमाणपत्र असते. त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असे लिहिलेले असते. लोकल गाडीच्या पासाप्रमाणेच हे आहे. पास खरा असला तरी तपासनिसाचे कॅलेंडरच दहा वर्षे मागे असेल, तर तो म्हणेल, 'हा पास अजून सुरूच झालेला नाही.' तिने तारीख आणि वेळ दुरुस्त केली. पान उघडले.

येथे लक्षात घ्या. इशारा आला तेव्हा 'तरीही पुढे जा' असा पर्यायही पडद्यावर होता. तो तिने दाबला नाही. इशारा दूर सारण्यापेक्षा त्याचे कारण शोधणे शहाणपणाचे असते.

रात्री नऊ वाजता तिचा अर्ज दाखल झाला. तिने पोचपावती उतरवून घेतली. निघताना मी तिला पाच प्रश्न लिहिलेला कागद दिला. तिने तो घडी घालून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवला.

नेमके सांगणे

काही आठवड्यांनी तिच्या घरचे नेट खरोखरच बंद पडले. एरवी अशा वेळी तिचे भाईजान फोन करत. त्या दिवशी तिने स्वतः इंटरनेट पुरवणाऱ्याला फोन लावला. तिने मला नंतर सांगितलेले संभाषण असे :

"हॅलो दादा, मी टेंभी नाक्यावरून बोलते. आमच्या राउटरवरचा एलओएसचा दिवा लाल झाला आहे."

"कधीपासून, ताई?"

"सकाळी आठपासून. लॅपटॉप आणि दोन्ही मोबाइल वायफायला जोडले जातात, पण कशावरच इंटरनेट येत नाही. राउटर एकदा बंद करून चालू केला. रिसेट केलेला नाही."

"रिचार्ज संपला नाही ना?"

"नाही. महिनाअखेरपर्यंत आहे. मी खातरजमा केली."

"बरे झाले सांगितलेत. मग बाहेरचीच केबल तुटली असणार. दुपारपर्यंत माणूस पाठवतो."

दुपारी माणूस आला आणि सरळ जिन्यातील केबलकडे गेला. घरात शिरून त्याला काही शोधावे लागले नाही.

मित्रांनो, त्या मुलीला फोनवर मराठी बोलायची भीती वाटत असे. चुकले तर लोक हसतील, असे तिला वाटे. पण जे पाहिले ते क्रमाने सांगायचे ठरवले, तेव्हा तिला शब्द सापडले. तिची वाक्ये लहान होती, साधी होती; पण त्यांतील प्रत्येक वाक्य कामाचे होते.

लॅपटॉप बदलतील, खुणा बदलतील, यादी कोपऱ्यातून दुसरीकडे जाईल. पण आधी पाहावे, मग जवळून दूर जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे दिसले ते नेमके सांगावे, ही रीत बदलणार नाही. तुमच्या घरी कधी 'नेट चालत नाही' अशी हाक आली तर घाबरू नका. पहिला प्रश्न विचारा.

शब्दार्थ

बिनतारी – तारेशिवाय चालणारे
कंपन – थरथर, हेलकावा
क्षीण होणे – कमजोर होणे
परवलीचा शब्द – आत जाण्यासाठी सांगायचा गुप्त शब्द
कळफलक – अक्षरांच्या कळींची पाटी
काचतंतू – काचेचा अतिशय बारीक धागा
खातरजमा करणे – खात्री करून घेणे
पोचपावती – अर्ज मिळाल्याचा कागद

भाषेकडे लक्ष द्या

अर्ज, मुदत, दाखल, दुरुस्त, खातरजमा हे शब्द तुम्हांला ओळखीचे वाटले असतील. ते मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आहेत. मात्र काही शब्दांचे अर्थ बदलले आहेत. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त करणे' म्हणजे शक्य तेवढे सारे प्रयत्न करणे. उर्दूत 'मौज' म्हणजे मुख्यतः लाट. मराठीत 'मौज' म्हणजे मजा. मराठी बोलताना हा फरक ध्यानात ठेवा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर कमानींच्या जागी काय दिसत होते?
(आ) १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास काय समजावे?
(इ) राउटरवर एलओएसचा दिवा लाल झाल्यास कोणाला कळवावे?

२. कारणे द्या.
(अ) दोष लॅपटॉपमध्येच आहे, असे लेखिकेने ठरवले.
(आ) तारीख चुकल्यामुळे अर्जाचे पान उघडले नाही.
(इ) लेखिकेच्या घरचे नेट दोन दिवस बंद राहिले.

३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) वायफाय आणि इंटरनेट यांतील फरक सांगा.
(आ) 'चालत नाही ही तक्रार झाली. ती माहिती नव्हे,' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
खातरजमा करणे, प्रयत्नांची शिकस्त करणे, वाट मोकळी होणे.

५. उपक्रम : तुमच्या घरातील पंखा किंवा नळ बिघडला आहे, अशी कल्पना करा. दुरुस्ती करणाऱ्याला फोनवर पाच वाक्यांत माहिती द्या. हे संभाषण वर्गात जोडीने सादर करा.